परसातलं लोखंडी पेव

विनय आरवाडे गाडी लॉक करतो, पाच पावलं चालतो आणि परत येऊन दार ओढून बघतो. गॅस बंद दिसत असला तरी शेगडीच्या प्रत्येक बटणावरून बोट फिरवतो. दोन हजार एक साली टेलिकॉम कंपन्या बुडाल्या, तेव्हा एका सकाळी त्याच्या अख्ख्या टीमला खोक्यात सामान भरून बाहेर काढलं होतं. तेव्हापासून हे वाढलं, असं त्याची बायको नीलांबरी सांगते. पुढे टेक्सासात प्लेनोला एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली, ग्रीन कार्ड झालं. प्लेनोच्या पूर्वेला, जिथे घरांच्या मागे एकेक एकर जमीन असते, तिथे घर झालं. वडील गेल्यावर आई, सुमित्राबाई, सांगलीहून कायमच्या राहायला आल्या. मुलगी अबोली दुसरीत गेली. सगळं जागच्या जागी बसलं, तरी विनय दार ओढून बघतोच.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात तासाभराच्या अंतरावरच्या एका वस्तीवरून टोर्नेडो गेला. रविवारी विनय एकटाच तिकडे जाऊन आला. संध्याकाळी जेवताना त्याने एवढंच सांगितलं, की एका घराचं नुसतं जोतं शिल्लक होतं आणि जोत्यावर कमोड. बाकी काही नव्हतं. त्या रात्री तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि आठवड्याभराने त्याने जाहीर केलं, की आपण परसात कंटेनर पुरायचा.

बोटींवर माल येतो तो लोखंडी कंटेनर. वीस फुटी. इकडच्या घरांना तळघर नसतं याचं त्याला पहिल्यापासून आश्चर्य वाटायचं. लोकांना खणायचा कंटाळा, असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. आणि खणणं आरवाड्यांच्या रक्तातच होतं. सांगलीजवळ हरिपूरला त्यांची हळदीची पेवं होती. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल, पोटाला फुगीर, तोंडाला माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद. विटा नाहीत, सिमेंट नाही, मातीची भिंत मातीच सांभाळायची. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की तीन-तीन वर्षं कीड लागायची नाही. विनयचे वडील, जगन्नाथराव, म्हणायचे, वर काहीही होऊ दे, पेवात गेलेलं जात नाही. हे वाक्य विनयने अमेरिकेत अनेकांना ऐकवलं होतं.

कंटेनरबद्दलही त्याचा अभ्यास पक्का होता. बंदरात असे कंटेनर एकावर एक आठ-आठ रचतात, भरलेले. खालच्याला काही होत नाही. मग वर दोन फूट माती आली तर काय होणार, असं तो भेटेल त्याला विचारायचा. ते सगळं वजन चार कोपऱ्यांच्या खांबांवर पेललेलं असतं आणि मधली भिंत म्हणजे नुसता घडीचा पत्रा, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगू शकेल असा खणणारा पुढे भेटला, त्यालाही त्याने विचारलं नाही. परवान्याचं नीलांबरीने काढलं तेव्हा, शेडला कसला परवाना, असं म्हणून त्याने विषय संपवला.

खड्डा ऑगस्टमध्ये खणला. दोन वर्षांचा दुष्काळ होता. परसातल्या काळ्या मातीला अशा भेगा पडल्या होत्या की अबोलीची चप्पल एकीत गेली ती निघाली नाही. याच दिवसांत इथे लोक घराच्या पायाला पाणी घालतात. भोकं पाडलेली नळी घराभोवती फिरवून रोज तासभर सोडायची, म्हणजे माती आकसून पाया तडकत नाही. सुमित्राबाईंना याचं पहिल्या वर्षी फार हसू आलं होतं. झाडं वाळू देतात आणि भिंतींना पाणी पाजतात, हे त्यांनी सांगलीला फोन करून जावेला सांगितलं होतं. विनय स्वतः ती नळी नेमाने सोडायचा. नळी सोडून यायचा आणि खड्ड्याजवळ उभा राहायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे त्या घरातल्या तीन शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

खणणारा एक वयस्कर माणूस होता. कंटेनर क्रेनने खाली बसवल्यावर त्याने विचारलं, की भोवतीने खडी कुठे आहे, भिंतीला काँक्रीट कधी करणार. विनयने सांगितलं, निघालेलीच माती परत लोटायची. माणूस म्हणाला, ही माती हलते बरं का, पाणी लागलं की फुगते. विनय हसला. आमच्याकडे जमिनीखालच्या कोठारांना माती हीच भिंत असते, असं त्याने त्याला समजावलं. माणसाने मान हलवली आणि माती लोटली.

पुढचे दोन महिने विनय खूश होता. वरून तीन फुटांचा चौकोन कापून झाकण बसवलं, शिडी लावली, हवेसाठी दोन पाइप काढले. आत पांढरा रंग, दिवे, एक कॉट, एक मांडणी, पाण्याच्या बाटल्या, वडिलांचा फोटो. दसऱ्याला खोली उघडायची ठरली आणि तिथे सुमित्राबाई मध्ये आल्या.

दिवा सोडल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. पेव उघडलं की तोंड एक दिवस मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर आत विषारी हवा आहे. जळत राहिला तर घरातलं वडीलधारं माणूस "उतरा" म्हणणार, मग हमाल उतरणार. त्यांचा धाकटा दीर, प्रताप, एकोणीस वर्षांचा, कंदील आणायला गेलेल्या माणसाची वाट न बघता उतरला होता. त्याला दोरीने वर काढला. हे त्यांनी विनयला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. काका तापाने गेले असंच त्याला माहीत होतं.

विनयने एक शब्द उलट न बोलता कॅम्पिंगच्या दुकानातून कंदील आणला. सुमित्राबाईंनी साडीवर स्वेटर, पायात बूट अशा अवतारात झाकणाशी बसून दोरी सोडली. अबोलीने इंग्लिशमध्ये शंभरपर्यंत आकडे मोजले. ज्योत स्वच्छ, सरळ जळत होती.

"उतरा," सुमित्राबाई म्हणाल्या.

नारळ फुटला. विनयचे डोळे भरून आले होते. खोली पास झाली, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा, आणि कोणी पास केली विचारलं तर आईकडे बोट दाखवायचा.

शनिवारी-रविवारी अबोली आणि तिच्या मैत्रिणी खाली खेळायच्या. कॉटवरची चादर बदलणं नीलांबरीकडे होतं. कॉट लांबीच्या भिंतीला समांतर होती, आणि कॉट न् भिंत यांच्यामध्ये तिचा अख्खा हात बांगड्यांसकट जाईल एवढी फट होती. चादर खोचायला बरं पडायचं. जानेवारीत पाऊस सुरू झाला. दुष्काळ फिटला म्हणून सगळे आनंदात होते. मार्चमध्ये चादर खोचताना तिच्या बांगड्या अडकल्या. एप्रिलमध्ये फक्त बोटं गेली.

तिने विनयला सांगितलं. तो खाली गेला, दहा मिनिटांनी वर आला. मुलींनी उड्या मारून कॉट सरकवली आहे, म्हणाला. ती म्हणाली, कॉट तळाला स्क्रूने बसवलेली आहे, तूच बसवलीस. त्यावर तो असं म्हणाला, की तिला चांगलं काही बघवत नाही, आईने खात्री केल्यावरसुद्धा तिला खोट काढायची आहे. हे सुमित्राबाईंच्या देखत म्हणाला. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण नीलांबरीला कळलं, की आता बोललं तर ते विनयच्या विरुद्ध नाही, त्यांच्या विरुद्ध होणार.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी घरी कोणी नसताना ती शिवणाची टेप घेऊन खाली उतरली. कोपऱ्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साडेब्याण्णव इंच. मध्यभागी एकोणनव्वद. तिने तीनदा मोजलं. मग हात भिंतीवर ठेवला. पत्रा गार होता आणि ओला होता, आणि आत फुगला होता.

तिने त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. विनय ऑफिसातून आला तोच चेहरा पाडून. पुन्हा माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. तो गाडीचं दार दोनदा ओढून आला. जेवताना एकच म्हणाला, निदान खाली ती खोली आहे. तिने त्याला पोळी वाढली.

शनिवारी अबोलीच्या दोन मैत्रिणी यायच्या ठरलेल्या होत्या. कारण न देता नाही म्हणणं जमलं नाही. मुली दोन तास खाली होत्या आणि ते दोन तास नीलांबरी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून होती, हातात मासिक, पान एकच. रविवारी झाकणाच्या कुलपाची किल्ली हरवली. नीलांबरीने ती कणकेच्या डब्यात ठेवली होती. विनयने सगळं घर शोधलं, मग उद्या-परवा कुलूप तोडून नवं लावू म्हणाला, आणि कामाच्या गडबडीत राहून गेलं.

त्यानंतरच्या रविवारी विनयला ऑफिसात जावं लागलं होतं. दुपारी चारला आभाळ शेवाळी झालं. वारा पडला. टीव्हीवर नकाशात त्यांच्या काउंटीचा चौकोन लाल झाला आणि पाठोपाठ गावचा भोंगा सुरू झाला. एकसुरी, लांब, थांबतो असं वाटून परत चढणारा. अबोली आतल्या खोलीतून येऊन आईच्या कमरेला चिकटली.

फोन वाजला. विनय हायवेवर अडकला होता. गाड्या हलत नव्हत्या आणि त्याच्या आवाजात श्वास जास्त होता, शब्द कमी. गॅरेजमध्ये डाव्या भिंतीला बोल्ट कटर आहे, कुलूप तोड आणि तिघी खाली जा, आत्ताच्या आत्ता.

"आम्ही बाथरूममध्ये बसतो," नीलांबरी म्हणाली.

"काय? नीलू, वेडेपणा करू नकोस. मी ते घर पाहिलंय. नुसता कमोड राहिला होता."

"विनय, ऐक—"

"तू ऐक. अबोलीला घेऊन खाली जा. आईने उतरा म्हटलंय ना त्या खोलीला? मग? जा. मला फोनवर कटरचा आवाज ऐकू दे."

फोन तुटला. तिने वळून पाहिलं तर स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं. सुमित्राबाई बोल्ट कटर दोन्ही हातांत धरून गवतातून झाकणाकडे चालल्या होत्या. गाराही पडायला लागल्या होत्या, आधी वाटाण्याएवढ्या.

नीलांबरीने अबोलीला बाथरूमच्या टबमध्ये बसवलं, हलायचं नाही म्हणून सांगितलं. अबोली म्हणाली, डोन्ट गो. ती गेली.

सुमित्राबाईंनी कटरचा जबडा कुलपात अडकवला होता, पण दाबायला जोर पुरत नव्हता. धर की, त्या म्हणाल्या. नीलांबरीने कटरचा दांडा धरला, आणि दाबला नाही.

"आई, भिंत आत आलीये."

"काय?"

"दोन्हीकडून मिळून साडेतीन इंच. मी मोजलंय. दहा दिवस झाले."

सुमित्राबाई तिच्याकडे बघत राहिल्या. गारा त्यांच्या पांढऱ्या केसांवर आपटून उडत होत्या. भोंगा चालूच होता.

"दिवा जळला होता," त्या म्हणाल्या.

"दिव्यानं हवा कळते, आई. माती कळत नाही."

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता या हात उगारतील किंवा रडतील. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या बाईच्या चहालासुद्धा तिने कधी नावं ठेवली नव्हती. सुमित्राबाईंनी खाली बघितलं. बुटाच्या टाचेने त्यांनी झाकणाजवळची माती दाबली. टाच रुतली आणि काळा चिखल लोण्यासारखा बुटावर चढला.

"काळ्या रानात पेव खणत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. पांढरीत खणतात. हरिपूरची माती वेगळी, म्हणून तिथं पेवं. मला माहीत होतं गं. मला वाटलं, लोखंड आहे."

मग त्यांनी कटर तिथेच टाकला, नीलांबरीचं मनगट धरलं आणि पासष्ट वर्षांची ती बाई तिला ओढत पळाली.

टबमध्ये अबोली, तिच्यावर दोघी वाकलेल्या, त्यांच्यावर डबल बेडची गादी. नीलांबरीच्या मनात एकच हिशोब फिरत होता. छप्पर उडालं तर आपण आपल्या हाताने पोरीला मारलं. नाही उडालं तर विनय आयुष्यभर म्हणणार, नशीब. गादीखाली सुमित्राबाई काहीतरी पुटपुटत होत्या. स्तोत्र असेल असं तिला वाटलं, पण त्या अबोलीला समजावत होत्या, की पाय पोटाशी घे, मानेवर हात ठेव, असं. बाहेर काहीतरी मोडलं. घर दोन-तीनदा दचकल्यासारखं झालं. मग नुसता पाऊस.

टोर्नेडो आलाच नव्हता. पाच मैल उत्तरेला ढग नुसता खाली लोंबला आणि परत वर गेला. परसातल्या पेकन झाडाची एक फांदी पडली, एवढंच.

पाऊण तासाने विनय आला. त्याने गाडी रस्त्यातच सोडली होती, दार उघडं. तो घरात न येता तसाच मागे धावला, आणि खिडकीतून नीलांबरीला दिसलं, की बंद कुलूप आणि चिखलात पडलेला कटर बघून तो गुडघ्यांवर बसला. तिने हाक मारली. वळून तिला बघितलं तेव्हा त्याचा चेहरा आधी सैलावला आणि मग आवळला.

त्याने आवाज चढवला नाही. अकरा वर्षांत मी तुझ्याकडे एक गोष्ट मागितली, असं तो म्हणाला. मी तिकडे गाडीत मरत होतो, आणि तू तुझा हट्ट चालवलास, माझ्या मुलीला फायबरच्या टबात बसवलंस. नीलांबरीने साडेतीन इंच सांगितले. तो म्हणाला, शिवणाच्या टेपने? मग त्याने कटर उचलला आणि एका दाबात कुलूप तोडलं.

"उतरू नकोस," सुमित्राबाई पाठीमागून म्हणाल्या.

"आई, तू तरी."

तो उतरला. दोघी झाकणाच्या कडेला. नीलांबरीने अबोलीला पाठीशी धरलं होतं. आतून पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. पाणी घोट्याइतकं होतं. टॉर्चचा उजेड फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग टेप ओढल्याचा सर्र आवाज आला. त्याच्या कमरेला कायम असते ती पोलादी टेप.

"विन्या, वर ये," सुमित्राबाई म्हणाल्या.

"एक मिनिट."

"मिनिट नाही. आत्ता. तुझ्या काकालाही एक मिनिटच पाहिजे होतं."

शिडीवर त्याचा पाय वाजला. दुसरा वाजला. तो कमरेपर्यंत बाहेर आला तेव्हा खालून आवाज झाला. स्फोटासारखा नाही. रिकाम्या पिंपावर कुणीतरी जोरात लाथ मारावी तसा, एकच ठोका, आणि मागोमाग काच फुटल्याचा. झाकणाची चौकट नीलांबरीच्या तळव्याखाली थरारली. दोघींनी त्याला काखेत हात घालून ओढला. टॉर्च खालीच पेटलेला राहिला होता. त्या उजेडात डाव्या बाजूची भिंत कॉटवर वाकली होती आणि पत्र्याच्या सांध्यातून काळं पाणी घळाघळा येत होतं.

विनय ओल्या गवतात बसला. त्याने झाकण लोटलं, उठून पेकनची ती मोडलेली फांदी ओढून आणून झाकणावर टाकली, परत बसला. सुमित्राबाई अबोलीला घेऊन घरात गेल्या.

"चौऱ्याऐंशी होतं मध्ये," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तू मोजलंस तेव्हा?"

"एकोणनव्वद."

"कधी?"

"गुरुवारी. मागच्याच्या मागच्या."

तो मनात दिवस मोजत होता. ती तयार होती.

"म्हणजे शनिवारी मुली खाली होत्या तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"किल्ली?"

"मीच लपवली. रविवारी."

"आणि शनिवारी?"

शिडीवर बसले होते, हे उत्तर तिने दहा दिवस मनात घोळवलेलं होतं, पण त्या भिंतीचा आवाज ऐकल्यावर ते तिचं तिलाच पोकळ वाटलं. शिडीवर बसून ती कोणाला वाचवणार होती. तीन मुली होत्या. दोन दुसऱ्यांच्या.

विनयने हात चिखलात पुसले, आणखीच भरले. "मला का नाही सांगितलंस?"

"एप्रिलमध्ये सांगितलं होतं."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, की गुरुवारी सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. हे तिला समजूत घालायला म्हटलं की स्वतःला, ते तिला कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. त्याने ऐकलं नसतं म्हणून तिचा शनिवार माफ होत नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

सोमवारी त्याने रजा टाकली आणि त्या खणणाऱ्या माणसाला स्वतः फोन केला. मंगळवारी तो आला, आत वाळू भरायला. त्याने खाली डोकावून पाहिलं आणि विनयला विचारलं, आत कोणी होतं का. विनय म्हणाला, मी होतो. माणसाने टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली, आणि ट्रक मागे घ्यायला गेला.

त्याच संध्याकाळी नीलांबरीने दोन फोन केले, अबोलीच्या दोन्ही मैत्रिणींच्या आयांना. विनय म्हणाला होता, कशाला, काही झालं तर नाही ना. तिने तरी केले. पहिलीने सगळं ऐकून घेतलं, थँक्स म्हणाली आणि फोन ठेवला. ती मुलगी त्यानंतर त्यांच्याकडे खेळायला आली नाही. दुसरा नंबर लावताना विनय तिच्या शेजारी येऊन बसला, आणि पलीकडून आवाज आल्यावर त्याने हात पुढे करून फोन स्वतःकडे घेतला.